गहू वर्ज्य झाल्यावर : सिलिअ‍ॅक आजाराविषयी वाचकांचे प्रश्न

गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. सिलिअ‍ॅक आजार असलेल्या व्यक्तीच्या पोटात हे प्रथिन गेले की तिची रोगप्रतिकारयंत्रणा त्याला शत्रू समजते आणि त्या गोंधळात स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तराची नासधूस करते. या आजारावर आजमितीस औषध नाही. ग्लूटेन पूर्णपणे आणि आयुष्यभर वर्ज्य करणे हाच उपचार आहे. गेल्या काही महिन्यांत या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी सविस्तर उत्तरे देत आहे. मी आहारतज्ज्ञ आहे. निदानाचा आणि औषधांचा निर्णय अर्थातच प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांकडूनच घ्यावा.

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची आहे. तिची उंची जवळजवळ थांबली आहे, पोट नेहमी फुगलेले असते आणि लोहाचे औषध चालू असूनही हिमोग्लोबिन वाढत नाही. बालरोगतज्ज्ञांनी केलेल्या रक्तचाचणीत ‘टीटीजी’ वाढलेले आले असून त्यांनी एंडोस्कोपी सुचवली आहे. सासूबाई म्हणतात की एवढ्याशा पोरीच्या पोटात नळी घालण्यापेक्षा आधी गहू बंद करून पाहावा. आम्ही काय करावे?
— एक आई, नाशिक

उत्तर : सासूबाईंची काळजी मला समजते; परंतु तपासण्या पूर्ण होईपर्यंत मुलीची पोळी कृपया बंद करू नका. या एका गोष्टीसाठी मी तुमचे पत्र सर्वांत वर घेतले आहे, कारण आधी गहू बंद करून मग डॉक्टरांकडे जाणारी अनेक कुटुंबे मी पाहते आणि त्यांची पुढे फार ओढाताण होते.

रक्तातील टीटीजी ही प्रतिपिंडे शरीर ग्लूटेनला प्रतिसाद म्हणून तयार करते. ग्लूटेन थांबले की काही महिन्यांत ती ओसरतात आणि आतड्याचे अस्तरही भरून येऊ लागते. मुलीला बरे वाटेल यात शंका नाही, पण मग हा खरोखर सिलिअ‍ॅक आजार होता, की गव्हाची अ‍ॅलर्जी होती, की आणखी काही, हे सांगण्यासाठी पुरावाच उरत नाही. तो मिळवण्यासाठी नंतर मुलाला कित्येक आठवडे रोज गहू खाऊ घालून, त्याचा त्रास पुन्हा ओढवून घेऊन, मग चाचण्या कराव्या लागतात. ज्या निदानामुळे एका सात वर्षांच्या मुलीला उभ्या आयुष्यात कधीही साधी पोळी खाता येणार नाही, ते निदान अंदाजावर सोडणे तिच्यावर अन्याय करणारे ठरेल.

एंडोस्कोपीत मुलांना झोपेचे औषध देतात. बारीक नळीतून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील अस्तराचे तांदळाच्या कणीएवढे काही तुकडे घेतात आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. निरोगी आतड्याला आतून बोटांसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात व अन्नातील लोह, कॅल्शियम, फॉलिक अ‍ॅसिड इत्यादी घटक त्यांच्यामार्फत शोषले जातात. या आजारात ते उंचवटे झिजून सपाट होतात, म्हणूनच तुमच्या मुलीला दिलेले लोह तिच्या रक्तापर्यंत पोहोचत नसावे. टीटीजीची पातळी प्रयोगशाळेच्या कमाल मर्यादेच्या दहापट किंवा त्याहून अधिक असेल, तर युरोपातील बालपचनरोगतज्ज्ञांच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, दुसऱ्या वेळी घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यात ‘ईएमए’ ही प्रतिपिंडेही आढळल्यास बायॉप्सीशिवाय, म्हणजे अस्तराचे तुकडे न घेता, निदान करता येते. तुमच्या अहवालातील नेमका आकडा दाखवून डॉक्टरांना याविषयी जरूर विचारा. रक्तातील एकूण आयजीए (प्रतिपिंडांचा एक प्रकार) मोजले आहे का, हेही पाहा. ते मुळातच कमी असेल तर टीटीजीची चाचणी फसवी ठरू शकते.

निदान पक्के झाले तर तुम्हा आईवडिलांची आणि तिच्या सख्ख्या भावंडांची रक्तचाचणीही करून घ्या, कारण रुग्णाच्या सख्ख्या नातेवाइकांपैकी शंभरात सुमारे सात-आठ जणांना हा आजार असतो आणि त्यांतील अनेकांना कसलाही त्रास जाणवत नाही. पथ्य सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे दूध पचले नाही तर घाबरू नका. दुधातील साखर पचवणारे विकर आतड्याच्या त्याच झिजलेल्या अस्तरात तयार होते, आणि अस्तर सुधारले की बहुतेक मुलांना दूध पुन्हा सोसते. लहान मुलांचे आतडे मोठ्यांपेक्षा लवकर भरून येते आणि खुंटलेली उंचीही बहुतेकदा भराभर वाढू लागते. सासूबाईंना हे आवर्जून सांगा.

प्रश्न : माझ्या यजमानांना सिलिअ‍ॅक आजार असल्याचे गेल्या वर्षी कळले. तेव्हापासून त्यांनी पोळी, ब्रेड, बिस्किटे यांना हातही लावलेला नाही. दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, भात, आमटी-भाजी आणि कधी थालीपीठ एवढाच आहार आहे. तरीही टीटीजी म्हणावे तसे उतरलेले नाही. डॉक्टर म्हणतात, कुठूनतरी ग्लूटेन पोटात जात आहे. ते कुठून जात असेल?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : प्रथम एक दिलासा. टीटीजी सावकाशच उतरते. सुरुवातीची पातळी फार चढलेली असेल तर ती सामान्य व्हायला वर्षाहून अधिक काळ लागू शकतो. परंतु पुरेशी घट दिसत नसेल तर डॉक्टरांचा संशय रास्त आहे, आणि तुमच्या पत्रातच त्याची काही उत्तरे आहेत.

सर्वांत उघड उत्तर थालीपिठाचे आहे. भाजणीत ज्वारी, बाजरी, तांदूळ आणि डाळी यांच्याबरोबर बहुतेक घरांत गहूही भाजून घातला जातो. मेतकुटातही मूठभर गहू घालण्याची पद्धत आहे. विकतची भाजणी व मेतकूट पूर्णपणे बंद करा आणि घरी गव्हाशिवाय करा. चवीत फारसा फरक पडत नाही. कुरडया गव्हाच्या चिकाच्या असतात, त्यामुळे सणाच्या ताटातली तळलेली कुरडई वर्ज्य. तांदळाचे पापड, साबुदाण्याच्या चिकवड्या आणि पोह्यांचे पापड चालतात, मात्र ते ज्या तेलात कुरडई किंवा पुरी तळली त्याच तेलात तळलेले नसावेत.

त्यानंतर गिरणी. मला तुमच्या बाबतीत सर्वाधिक शंका तिचीच आहे. ज्वारीत ग्लूटेन नसते, पण ज्या जात्यावर क्षणापूर्वी कुणाचे गव्हाचे दळण निघाले, त्याच जात्यावर तुमची ज्वारी पडते तेव्हा दगडांत, पन्हाळीत आणि कापडी नळीत साचलेली कणीक तुमच्या डब्यात उतरते. हे प्रमाण किती महत्त्वाचे आहे ते आकड्यांतून पाहा. एका पोळीला साधारण 30 ग्रॅम कणीक लागते आणि तीत अडीच ते तीन ग्रॅम ग्लूटेन असते. बहुतेक रुग्णांना दिवसाकाठी 10 मिलिग्रॅमपर्यंत ग्लूटेन सोसते असे मानले जाते, तर 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात रोज 50 मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिल्यावर आतड्याची हानी दिसून आली होती. म्हणजे सुरक्षित मानलेली मर्यादा एका पोळीचा सुमारे अडीचशेवा हिस्सा एवढीच आहे. गिरणीतून आलेल्या ज्वारीच्या पिठात ती मर्यादा कुणाच्या लक्षात न येता सहज ओलांडली जाते.

यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे घरघंटी, आणि तीही अशी की जिच्यात गहू कधीच दळला जाणार नाही. ती एकदम परवडणार नसेल तर केवळ ज्वारी-बाजरी किंवा तांदूळच दळणारी गिरणी जवळपास आहे का ते शोधा, अथवा पाकिटावर ‘ग्लूटेनमुक्त’ असे स्पष्ट छापलेले पीठ घ्या. आपल्या देशात अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या, म्हणजेच ‘एफएसएसएआय’च्या नियमांनुसार एका किलोत 20 मिलिग्रॅमहून कमी ग्लूटेन असलेल्या पदार्थालाच तसे म्हणवून घेता येते. गिरणीवाल्याला सकाळी पहिले दळण आपले घ्यायला सांगावे, असे पुष्कळ जण सुचवतात. आदल्या दिवशीचे पीठ यंत्रात तसेच असते, म्हणून मी हा उपाय पुरेसा मानत नाही. दुकानातून आणलेल्या ज्वारीत गव्हाचे दाणेही सापडतात, तेव्हा दळणाआधी ती निवडून, धुऊन, उन्हात वाळवून घ्या. आपल्या आज्या धान्य निवडायला बसत, ती सवय या घरात पुन्हा आणावी लागेल.

तिसरी जागा मसाल्याच्या डब्यात आहे. बाजारात मिळणारी बहुतेक हिंगपूड शुद्ध हिंगाची नसते. उग्र हिंग सौम्य करण्यासाठी त्यात डिंक आणि पीठ मिसळतात, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचे असते. डबीवरील घटकांची यादी वाचलीत तर ते लिहिलेले दिसेल. चिमटीभर हिंगातून जाणारे पीठ थोडेच असते हे खरे, पण आमटी, भाजी, कोशिंबीर, लोणचे आणि पापड या सगळ्यांत हिंग असतो व तो रोज असतो. तांदळाचे पीठ वापरलेला हिंग मिळतो, तो आणा. सोया सॉस, जवाचे माल्ट घातलेली दुधात मिसळायची पेये, माल्ट घातलेले कॉर्नफ्लेक्स आणि घट्टपणासाठी मैदा लावलेली तयार सूप यांचीही पाकिटे वाचा. ओट्समध्ये गव्हाची सरमिसळ इतकी सर्रास आढळते की ग्लूटेनमुक्त असे प्रमाणित केलेले नसतील तर ते घेऊच नयेत. नेहमीच्या गोळ्या-औषधांतही क्वचित गव्हाचा स्टार्च असतो. औषधविक्रेत्याला किंवा डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

राहिला स्वयंपाकघराचा प्रश्न. घरातील इतरांसाठी पोळ्या होत असतील तर भाकरीची परात, काथवट, तवा, चाळणी आणि पिठाचा डबा पूर्ण वेगळा ठेवा. लाकडी पोळपाट-लाटणे आणि चाळणी धुऊन निर्धोक होत नाहीत. भाकरी आधी थापा, पोळ्या नंतर लाटा, कारण कणीक मळताना उडालेले पीठ ओट्यावर बराच वेळ बसत राहते. भाकरीला लावायचे पीठ ज्वारीचेच असावे, आणि लोणी, लोणचे, चटणी यांच्या बरण्यांत पोळी खाणाऱ्या माणसाचा चमचा जाऊ नये. हे सारे वाचून दडपण येईल, याची मला कल्पना आहे. म्हणून माझे प्रामाणिक मत सांगते : शक्य असेल तर वर्षभर तरी घरात गहू आणूच नका. सोलापूरच्या घरात भाकरी ही कुणाला शिक्षा वाटण्याचे कारण नाही, आणि जेवताना यजमानांचे ताट इतरांहून निराळे दिसणार नाही, याचा त्यांच्या मनावर होणारा परिणाम मला पिठाच्या हिशेबाइतकाच मोलाचा वाटतो.

आहारात आलटूनपालटून ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी आणि राजगिरा असू द्या. नुसत्या भातावर आणि तांदळाच्या पिठाच्या पदार्थांवर राहिल्यास तंतू, लोह व ब गटातील जीवनसत्त्वे कमी पडतात. नाचणीच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि या आजारात हाडे ठिसूळ होण्याचा धोका असल्याने तिचे विशेष महत्त्व आहे. लोह, बी-12, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड यांची तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या. हे सर्व काटेकोर पाळूनही टीटीजी उतरले नाही, तर मात्र पोटविकारतज्ज्ञांनी अन्य कारणांचा शोध घेणे आवश्यक आहे.

प्रश्न : आमच्या पिढीने गहू खाल्ला आणि कुणाला काही झाले नाही. ग्लूटेनचे हे खूळ परदेशातून आलेले नाही काय? आणि गहू संकरित झाल्यामुळे त्रास होत असेल, तर जुन्या खपली गव्हाची पोळी रुग्णास का देऊ नये?
— एक ज्येष्ठ वाचक, सातारा

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्यात धोका आहे. खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लूटेन असते. मधुमेहाच्या किंवा पचनाच्या संदर्भात त्याचे जे गुण सांगितले जातात, ते असोत वा नसोत. सिलिअ‍ॅकच्या रुग्णाला खपली, बन्सी, लोकवन, सिहोर यांपैकी कोणताही गहू चालत नाही. रवा, मैदा, दलिया, लापशी, शेवया ही सारी त्याचीच रूपे होत.

आता खुळाविषयी. आजार नसताना केवळ फॅशन म्हणून ग्लूटेन सोडणारे लोक आहेत आणि त्यांना तसे करण्याची गरज नाही, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. पण त्यांच्यामुळे खऱ्या रुग्णाकडेही लोक संशयाने पाहू लागतात. या आजाराचे आधुनिक वैद्यकातील वर्णन इंग्लंडमधील डॉ. सॅम्युएल गी यांनी 1888 मध्ये केले, तेव्हा त्याचे कारण ठाऊक नव्हते. ते शोधले नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी. त्यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. दुसऱ्या महायुद्धातील 1944-45 च्या हिवाळ्यात तेथे भीषण दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि इतर मुले उपासमारीने खंगत असताना या आजाराची मुले सुधारताना दिसली. युद्धानंतर पाव परतला, तसा त्यांचा त्रासही परतला. डिके यांनी आपले संशोधन 1950 मध्ये प्रबंधरूपाने मांडले. आपल्याकडे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, उत्तर भारतातील सुमारे 1.2 टक्के लोकांच्या रक्तात या आजाराची प्रतिपिंडे आढळली, तर दक्षिणेत हे प्रमाण 0.1 टक्का एवढेच होते. आनुवंशिक घटक दोन्हीकडे होते, गहू खाण्याचे प्रमाण मात्र फार वेगळे होते. आपल्या लहानपणी साताऱ्याच्या गावांतून रोजची भाकरी असे आणि पोळी सणासुदीला, हे आपणच मला अधिक चांगले सांगाल. ज्या मुलांचे पोट चालत राही, जी अंगी लागत नसत, त्यांना ‘मुडदूस’ किंवा ‘अशक्तपणा’ म्हणून सोडून दिले जाई. त्यांतील कुणाला हा आजार असेलही, पण त्या काळी तो तपासण्याचे साधनच नव्हते.

प्रश्न : आमचा मुलगा येत्या वर्षी प्रथम कम्युनियन (चर्चमधील प्रसादग्रहणाचा पहिला संस्कार) घेणार आहे. त्याला सिलिअ‍ॅक आहे. ओस्ती (त्यात दिली जाणारी पातळ चकती) गव्हाची असते. एवढासा तुकडा चालेल का?
— एक कॅथलिक कुटुंब, वसई

उत्तर : नेहमीची ओस्ती चालणार नाही, कारण ती शुद्ध गव्हाची असते आणि तिचा लहान तुकडाही नियमितपणे घेतल्यास अपायकारक ठरू शकतो. परंतु आपल्या मुलाला या संस्कारापासून वंचित राहावे लागणार नाही. ओस्ती गव्हाचीच असली पाहिजे आणि ग्लूटेन पूर्ण काढून टाकलेली ओस्ती ग्राह्य नाही, असा चर्चचा नियम आहे; मात्र अत्यल्प ग्लूटेन असलेली ओस्ती ग्राह्य आहे, आणि ज्यांना तीही सोसत नाही त्यांना केवळ द्राक्षारसाच्या रूपात कम्युनियन घेता येते. व्हॅटिकनने 2003 मध्ये आणि पुन्हा 2017 मध्ये हे पत्राद्वारे स्पष्ट केले आहे. आपल्या फादरांशी आतापासूनच बोला. अत्यल्प ग्लूटेनची ओस्ती मागवल्यास तिच्यातील प्रमाण किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या मर्यादेत आहे का ते पाहा, ती स्वतंत्र डबीत ठेवायला आणि इतर ओस्तींना हात लावण्यापूर्वी द्यायला विनंती करा. द्राक्षारस घ्यायचा ठरल्यास प्याला वेगळा हवा, कारण मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधील उपासनेत, मुख्य प्याल्यात ओस्तीचा तुकडा सोडला जातो. याच न्यायाने हिंदू घरांतील वाचकांनाही सांगते की सत्यनारायणाच्या प्रसादाचा रव्याचा शिरा चिमूटभरही देऊ नये. मुलासाठी तांदळाच्या रव्याचा शिरा वेगळ्या कढईत करून त्याचाही नैवेद्य दाखवावा.

प्रश्न : मी सव्वीस वर्षांची असून सहा वर्षांपासून पथ्य काटेकोर पाळते व माझे अहवाल उत्तम आहेत. घरी माझ्या लग्नाचे पाहत आहेत. आई म्हणते, हे आधी सांगितले तर स्थळे परत जातील. सांगावे का? आणि पुढे मूल होण्यात अडचण येईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : सांगावे, पहिल्याच एक-दोन भेटींत सांगावे, आणि तुम्ही स्वतः सांगावे. आईंच्या भीतीमागे अनुभव असेल, मी तो नाकारत नाही. पण हा आजार लपवून संसार करता येत नाही, कारण तो रोज तीन वेळा जेवणाच्या पानावर येतो. नव्या घरात कुणी आग्रहाने पुरणपोळी वाढेल, तुम्ही संकोचाने खाल, आणि सहा वर्षे सांभाळलेले आतडे पुन्हा बिघडेल. हे ऐकून जे स्थळ परत जाईल, त्या घरात तुम्हाला सुरक्षित जेवण मिळाले असते का, हा प्रश्न आईंनाही शांतपणे विचारा. सांगताना कसलाही अपराधी सूर नको. हा संसर्गजन्य आजार नाही, रोजची औषधे लागत नाहीत, पथ्य पाळणारी व्यक्ती इतरांप्रमाणेच काम करते, हिंडते-फिरते. मुलाकडच्यांना घरी बोलावून तुमच्या पद्धतीचे पूर्ण जेवण वाढा : मसालेभात, बटाट्याची भाजी, ओल्या नारळाची चटणी, अळूची भाजी, उकडीचे मोदक, सोलकढी. यांत योग्य हिंग वापरला की गव्हाचा कणही नसतो, आणि काही कमी आहे असे कुणाच्या मनातही येणार नाही.

लग्नाच्या दिवशीच्या जेवणाबाबत मात्र तडजोड नको. आचाऱ्यांना नुसते ‘गहू चालत नाही’ असे सांगून भागत नाही. पुऱ्या आणि जिलब्या तळलेले तेल, एकाच झाऱ्याने वाढणे, भजीच्या पिठात मिसळलेला मैदा यांविषयी त्यांच्याशी आधी बसून बोलावे लागते. घरून आणलेला डबा वधूने खाल्ला तर त्यात काहीही कमीपणा नाही.

मूल होण्याबाबत : निदान न झालेल्या किंवा पथ्य न पाळणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भधारणेतील अडचणी, गर्भपात आणि कमी वजनाचे बाळ यांचे प्रमाण अधिक आढळते. पथ्य नीट पाळणाऱ्या स्त्रियांमध्ये हा धोका बराच कमी होतो, आणि तुम्ही त्या गटात आहात. मूल हवे असे ठरवाल त्याआधी काही महिने हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), फॉलेट, बी-12, ड जीवनसत्त्व व थायरॉइड तपासून घ्या आणि फॉलिक अ‍ॅसिड डॉक्टरांच्या सल्ल्याने वेळेवर सुरू करा. बाळाला हा आजार होण्याची शक्यता इतर बाळांपेक्षा जास्त असेल, तरी तो होणार नाही हीच शक्यता कितीतरी मोठी आहे. त्याला वरचे अन्न सुरू करताना गहू मुद्दाम लांबणीवर टाकल्याने आजार टळत नाही, असे आता दिसून आले आहे. चौथा महिना पूर्ण झाल्यानंतर ते वर्षाचे होईपर्यंत केव्हाही, डॉक्टरांच्या सल्ल्याने, तो थोड्या प्रमाणात देता येतो. पुढे त्याच्या रक्ताची टीटीजी चाचणी केव्हा करायची, हे बालरोगतज्ज्ञ ठरवतील, आणि एचएलए ही जनुकीय चाचणी केल्यास, त्यात डीक्यू-2 व डीक्यू-8 हे दोन्ही घटक नसतील तर त्याला हा आजार होण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही.